करडई, ऊस आणि रक्तातील मेद : बारामती-इंदापूरच्या दोन पिकांचा आहारेतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके नीरा व भीमा या नद्यांच्या मधल्या टापूत वसले आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि त्यातलाही मोठा भाग भाद्रपद-आश्विनात येतो. या निसर्गस्थितीमुळे या प्रदेशाची शेती दीर्घकाळ रब्बीवर अवलंबून राहिली. पुढे नीरेच्या डाव्या कालव्याने तिचे दोन भाग पाडले. कालव्याच्या पाण्याखाली आलेली जमीन बागाईत झाली व तेथे ऊस आला. जेथे पाणी पोहोचले नाही तेथे जिराईत राहिले व शाळूबरोबर करडई राहिली.

या दोन पिकांचा आर्थिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, निदान उसाचा तरी. परंतु त्यांच्या इतिहासाचे आणखी एक अंग आहे व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील वैद्यकशास्त्र रक्तातील मेदाच्या प्रश्नाकडे वळले, तेव्हा या दोन्ही वनस्पतींतून काढलेली द्रव्ये औषधाच्या किंवा पूरक आहारद्रव्याच्या रूपाने बाजारात आली. करडईचे तेल रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करते म्हणून प्रसिद्धीस आले, त्याच तेलापासून चरबी घटविणाऱ्या गोळ्या झाल्या, आणि उसाच्या कांडीवरील मेणापासून कोलेस्टेरॉलवरचा उपाय म्हणून एक द्रव्य काढण्यात आले. या तिन्ही दाव्यांचे पुढे काय झाले, आणि ज्या जमिनीत ही पिके उभी होती तिच्यावर त्यांचा काय परिणाम झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

करडई हे या भागाचे जुने पीक होय. ब्रिटिश अमदानीत १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद गळिताच्या धान्यांत केलेली आहे. शाळूच्या काही ओळींनंतर करडईची एखाद-दुसरी ओळ टाकावयाची, किंवा शेताच्या कडेने तिचा पट्टा धरावयाचा, अशी येथील पद्धत होती. करडईचे मूळ खोल जाते. त्यामुळे वरची जमीन वाळल्यानंतरही तिला खालची ओल मिळते. पाने व बोंडे काटेरी असल्यामुळे कडेचा पट्टा जनावरांपासून आतल्या पिकाचे रक्षणही करी. काढणी मात्र कष्टाची असे. ऊन चढल्यावर काटे ताठ व टोचरे होतात, म्हणून पहाटे दव असताना हातापायांना फडकी गुंडाळून ती उरकून घ्यावी लागे.

या पिकाचे काहीही वाया जात नसे. कोवळ्या पानांची भाजी होई. पाकळ्यांपासून कुसुंबी रंग निघे; १८५६ नंतर कृत्रिम रंग निघू लागले आणि तो व्यापार हळूहळू संपला. बी तेल्याच्या घाण्यावर जाई. तेल घरात व पेंड गोठ्यात येई. ज्वारी-बाजरीची भाकरी, त्यावर चटणी व चटणीवर कच्च्या तेलाची धार, हा जिराईत मुलुखातील नित्याचा आहार होता. चटणी पुष्कळदा जवसाची असे. या गोष्टीचा संदर्भ पुढे येणार असल्यामुळे ती येथे नमूद करणे आवश्यक आहे.

शास्त्रग्रंथांत मात्र या तेलाला मान नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात प्रत्येक वर्गातील सर्वांत हितकर व सर्वांत अहितकर द्रव्यांची यादी दिलेली आहे. त्या यादीत वनस्पतिज स्नेहांपैकी तिळाचे तेल श्रेष्ठ, तर कुसुंभाचे म्हणजे करडईचे तेल अहिततम मानले आहे. ग्रंथातील हा निर्णय आणि जिराईत शेतकऱ्याचा व्यवहार यांच्यात असा विरोध होता. शेतकऱ्याने करडईचे तेल पथ्य म्हणून निवडलेले नव्हते. त्याच्या जमिनीत व त्याच्या पावसात जे पिकत होते ते तो खात होता. या तेलाविषयीचा हा पहिला निवाडा होय. पुढील काळात आणखी काही निवाडे झाले, आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत.

३

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागात पाटबंधाऱ्यांच्या कामांना चालना मिळाली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्याला पाणी पुरविणारे भाटघर धरण भोरजवळ येळवंडी नदीवर बांधण्यात आले. दुष्काळात अन्नधान्याचे पीक वाचावे हा कालव्याचा मूळ हेतू. पाऊस बरा झाल्यास शेतकरी ज्वारीला पाणी घेत नसे, कारण पाणीपट्टी देऊन ज्वारी परवडत नसे. बाराही महिने पाण्याचा मोबदला देणारे पीक ऊस हेच ठरले. सासवडकडील माळी बागाईतदार कालव्यावर येऊन खंडाने जमिनी घेऊ लागले व गुऱ्हाळे उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत घालून दिली.

१९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर गुळाची जागा साखर घेऊ लागली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. १९५५ नंतरच्या काळात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास डोनाल्ड ॲटवुड या मानवशास्त्रज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. पुढे १९८० च्या सुमारास भीमेवर उजनीचे धरण झाले, आणि इंदापूरच्या भीमाकाठच्या जमिनींनाही उपसा पाणी मिळू लागले.

या सर्व काळात करडई मागे मागे सरकत होती. नेमक्या त्याच काळात सातासमुद्रापलीकडे तिची प्रतिष्ठा वाढत होती. ती का वाढली हे समजण्यासाठी करडईच्या तेलाची रासायनिक घटना लक्षात घ्यावी लागते.

४

कोणतेही तेल किंवा तूप हे मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असते. तुपात व खोबरेलात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात. करडईच्या सर्वसाधारण वाणांच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. हे बहुअसंपृक्त मेदाम्ल असून नेहमीच्या खाद्यतेलांपैकी फारच थोड्या तेलांत ते इतक्या प्रमाणात आढळते. तुपात त्याचे प्रमाण अगदी अल्प असते.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर निर्माण करून दाखविले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू अमेरिकेत फार वाढले, तेव्हा या जुन्या प्रयोगाला नवे महत्त्व आले. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स किन्सेल याने, व १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे एडवर्ड आहरेन्स याने असे दाखवून दिले की, आहारातील संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त तेले दिल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. अँसेल कीज याने त्यासाठी समीकरणच मांडले. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करून बहुअसंपृक्त तेले घेण्याचा सल्ला दिला. ज्या तेलात लिनोलेइक आम्ल सर्वाधिक, ते तेल या हिशेबाने सर्वांत गुणकारी ठरणे स्वाभाविक होते. चरकाच्या यादीत तळाशी असलेले तेल अशा रीतीने नव्या यादीत अग्रभागी आले.

या निष्कर्षाचा मूळ गाभा खोटा नव्हता. लिनोलेइक आम्लाने कोलेस्टेरॉल उतरते, हे पुढे वारंवार सिद्ध झाले. १९७० च्या दशकात मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशीवरील लघुघन मेदप्रथिनाचे ग्राहक शोधून काढले. संपृक्त मेदाने यकृतातील या ग्राहकांचे काम मंदावते व असंपृक्त मेदाने ते सुधारते, एवढी कारणमीमांसाही आता उपलब्ध आहे. परंतु रक्तातील एक आकडा उतरणे आणि मनुष्याचे आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर व्यापाराने फार लवकर ओलांडले.

याचे ठळक उदाहरण १९६१ मध्येच घडले. न्यूयॉर्कचा प्रसूतितज्ज्ञ हर्मन टॅलर याने 'कॅलरीज डोन्ट काउंट' हे पुस्तक लिहिले. अन्नातील उष्मांक मोजण्याची गरज नाही. बहुअसंपृक्त तेल भरपूर घेतल्यास शरीरातील साठलेली चरबी वितळते, असा त्याचा दावा होता. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या जोडीला करडईच्या तेलाच्या कॅप्सूलही बाजारात आल्या. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅप्सूल व त्यांच्याबरोबर विकली जाणारी पुस्तके जप्त केली. १९६७ मध्ये टॅलर टपालाद्वारे फसवणूक व अन्य आरोपांखाली दोषी ठरला. रात्रंदिवस राबणाऱ्या जिराईत शेतकऱ्याने भाकरीबरोबर खाल्लेले तेल आणि बैठ्या माणसाने जेवणाखेरीज गिळलेली तेलाची कॅप्सूल यांतील भेद या प्रकरणात प्रथम स्पष्टपणे पुढे आला. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये नऊ उष्मांक असतात; ते संपृक्त असो वा असंपृक्त, या हिशेबात फरक पडत नाही.

५

खरी कसोटी दीर्घ मुदतीच्या प्रयोगांनीच लागणार होती. त्यांपैकी दोन प्रयोग करडईच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला लॉस एंजेलिस येथील माजी सैनिकांच्या निवासातील होय. त्यात ८४६ पुरुषांना आठ वर्षांपर्यंत दोन प्रकारचा आहार देण्यात आला. एका गटाच्या आहारात संपृक्त मेदाऐवजी मका, सोयाबीन, करडई व सरकी यांची तेले होती. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेलाच्या गटात रोहिणीकाठिण्याने झालेले मृत्यू कमी होते. तथापि सर्व कारणांनी झालेल्या एकूण मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखी राहिली.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात झाला. हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम आजार नुकताच येऊन गेलेले ३० ते ५९ वर्षांचे ४५८ पुरुष त्यात होते. एका गटाला संपृक्त मेदाच्या जागी करडईचे तेल व करडईच्या तेलाचे मार्गारिन देण्यात आले. त्या गटाचे कोलेस्टेरॉल सुमारे १३ टक्क्यांनी उतरले. प्रचलित सिद्धांताप्रमाणे या गटात मृत्यू कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते अधिक झाले. १९७८ मधील पहिल्या अहवालात एकूण मृत्यूंची वाढ नोंदलेली होती, पण हृदयविकाराने किती मृत्यू झाले याचा पूर्ण तपशील नव्हता. जुन्या फितींवरील ही माहिती पुन्हा मिळवून ख्रिस्तोफर रॅम्सडेन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. करडईच्या गटात एकूण मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के व दुसऱ्या गटात ११.८ टक्के होते. हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे १६.३ व १०.१ टक्के होते. ही माहिती चाळीस वर्षे अप्रकाशित राहिली, आणि त्या चाळीस वर्षांत लाखो माणसांना अशा तेलाचा सल्ला दिला गेला.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे जरूर आहे. त्या मार्गारिनमध्ये घातक अशी ट्रान्स मेदाम्ले असावीत, असा एक आक्षेप आहे. रुग्णांची संख्याही फार मोठी नव्हती. उलट पक्षी अन्य अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केल्यास संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त तेले घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, आणि २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपला जुना सल्ला याच आधारावर कायम ठेवला. येथे एक भेद लक्षणीय आहे. सोयाबीनसारख्या तेलांत लिनोलेइक आम्लाबरोबर अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते. करडईच्या तेलात ते जवळजवळ नसते. रॅम्सडेन यांनी याच भेदाकडे बोट दाखविले. जिराईत मुलुखातील ताटात जवसाची चटणी असे, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. यावरून पूर्वजांना मेदाम्लांचे ज्ञान होते असे अनुमान काढणे हास्यास्पद ठरेल. परंतु एखादे द्रव्य ताटातील इतर पदार्थांपासून अलग करून त्याची परीक्षा केली म्हणजे तो संपूर्ण आहाराचा निकाल होत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

भारतातील पुरावाही या सावधगिरीला पोषक आहे. मुंबईस पश्चिम रेल्वेच्या सेवेत असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांतील हृदयविकाराचा अभ्यास करून १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तूप व दुधाचा मेद भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा, मेद कमी व तोही मुख्यतः बियांच्या तेलांतून घेणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे सातपट आढळले. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु मेदाच्या प्रकारावरून सर्व काही ठरते या मतालाही तिने धक्का दिला.

मराठी घरांत या चर्चेचा प्रवेश शास्त्रीय नियतकालिकांतून झाला नाही. १९३७ पासून डालडा या नावाने वनस्पती तूप बाजारात होते व गरिबाघरच्या सणाला तेच परवडत असे. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे 'सफोला' हे करडईचे शुद्ध केलेले तेल आले. १९९० मध्ये हे नाव मॅरिकोकडे गेले, आणि पुढे त्या नावाखाली इतर तेलांची मिश्रणेही येऊ लागली. शहरी मध्यमवर्गात हे तेल हृदयाच्या काळजीशी जोडले गेले. ज्या तेलाला गावात जिराईत माणसाचे तेल म्हणत, ते शहरात आरोग्याची जाण असलेल्या सुखवस्तू माणसाचे तेल झाले.

६

करडईच्या तेलाचा पूरक द्रव्य म्हणून दुसरा अवतार विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परायझा हे भाजलेल्या गोमांसातील कर्करोगकारक द्रव्यांचा शोध घेत असता त्यांना उलट कर्करोगाला विरोध करणारे एक द्रव्य सापडले. १९८७ मध्ये ते द्रव्य संयुग्मित लिनोलेइक आम्ल असल्याचे प्रसिद्ध झाले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतू ते तयार करतात. म्हणून दूध व तूप यांत ते अल्प प्रमाणात नैसर्गिकरीत्या असते. उंदरांना ते दिले असता त्यांची चरबी लक्षणीय घटली. या बातमीनंतर त्याच्या कॅप्सूलांचा धंदा उभा राहिला. इतक्या कॅप्सूलांना पुरेल एवढे आम्ल दुधातून मिळणे शक्य नव्हते. ज्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली म्हणजे ते सहज तयार होते. त्यामुळे पुन्हा करडईच उपयोगी पडली.

माणसांवरील परिणाम उंदरांच्या मानाने फारच किरकोळ निघाला. २००७ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार रोज सुमारे ३.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला ०.०९ किलोग्रॅम इतकीच अधिक घटली. शिवाय कृत्रिम मिश्रणातील एक प्रकार शरीराला अपायकारक असू शकतो अशी चिन्हे दिसली. उल्फ रिसेरस व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्वीडनमधील स्थूल पुरुषांवर केलेल्या प्रयोगात त्या प्रकाराने इन्सुलिनचा प्रतिरोध वाढल्याचे आढळले. २०१० मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या द्रव्याविषयीचे आरोग्यदावे सिद्ध होत नाहीत असा निर्णय दिला. उंदराच्या शरीरावरून माणसाच्या शरीराविषयी, व दुधातील अल्प अंशावरून कॅप्सूलमधील मोठ्या मात्रेविषयी अनुमान काढण्यात जी घाई झाली, तीच या अपयशाच्या मुळाशी होती.

७

आता कालव्याखालील पिकाकडे वळावयाचे. उसाच्या कांडीवर, विशेषतः पेराच्या खाली, पांढरट भुकटीसारखा थर असतो. तो मेणाचा असतो. ऊस गाळताना त्यातील काही भाग रसात उतरतो, आणि रस स्वच्छ करताना गाळाबरोबर बाहेर पडतो. कारखान्यात या गाळाला प्रेसमड म्हणतात. शंभर टन उसामागे तो तीन ते चार टन निघतो. बारामती-इंदापूरकडे तो खत म्हणून शेतात जातो.

क्यूबामध्ये याच मेणाला वेगळे महत्त्व आले. हवाना येथील राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राने उसाच्या मेणातून दीर्घ साखळीच्या अल्कोहोलांचे एक मिश्रण वेगळे केले. त्याचे नाव पॉलिकोसॅनॉल. त्यातील मुख्य घटक म्हणजे अठ्ठावीस कार्बन अणूंचे ऑक्टाकोसॅनॉल. रोज पाच ते वीस मिलिग्रॅम इतक्या सूक्ष्म मात्रेने अपायकारक कोलेस्टेरॉल वीस-पंचवीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक उतरते, असे निष्कर्ष १९९० च्या दशकात क्यूबातून वारंवार प्रसिद्ध झाले. साखरेवर जगणाऱ्या, व आर्थिक नाकेबंदीत सापडलेल्या त्या देशाला हा शोध किती मोलाचा वाटला असेल, हे साखरेच्या मुलुखातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. अनेक देशांत या द्रव्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या.

परंतु हे अनुकूल निष्कर्ष बहुतांशी एकाच संशोधकगटाचे होते. २००६ मध्ये हाइनर बर्थोल्ड व सहकाऱ्यांनी जर्मनीत १४३ रुग्णांवर बारा आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. १०, २०, ४० व ८० मिलिग्रॅम अशा चार मात्रा व निष्क्रिय गोळी यांची त्यात तुलना होती. कोणत्याही मात्रेने कोलेस्टेरॉल उतरले नाही. मात्रा आठपट वाढवूनही परिणाम शून्यच राहिला. क्यूबाबाहेरील इतर स्वतंत्र प्रयोगांतूनही साधारणतः असाच निष्कर्ष निघाला. करडईच्या तेलाबाबत आकडा खरोखर उतरत होता, प्रश्न त्याच्या अर्थाचा होता. उसाच्या मेणाबाबत आकडा उतरल्याचेच इतरांना आढळले नाही. दोन्ही दावे फसले, तरी त्यांच्या फसण्याची कारणे भिन्न आहेत, आणि इतिहासात हा भेद राखला पाहिजे.

उसाच्या मेणाची चर्चा करताना उसाच्या मुख्य उत्पादनाचा विसर पडता कामा नये. साखरेचा निम्मा भाग फळशर्करेचा असतो. ती फार मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास यकृतात तिचे मेदात रूपांतर होते व रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढतात. १९७२ मध्ये लंडनचे जॉन युडकिन यांनी साखरेविरुद्ध पुस्तक लिहिले तेव्हा मेदाच्या सिद्धांताच्या समर्थकांनी त्यांची उपेक्षा केली; आज ट्रायग्लिसराइडांपुरते तरी त्यांचे म्हणणे मान्य झाले आहे. ट्रायग्लिसराइडे अधिक व हितकर मेदप्रथिन कमी, हा प्रकार भारतीयांत विशेष आढळतो. तेव्हा ज्या कांडीच्या वरच्या मेणात रक्तातील मेदावरचा उपाय शोधला गेला, त्याच कांडीच्या आतल्या रसाचे अतिसेवन रक्तातील मेद वाढविते.

८

जगात करडईची अशी चढउतार चालू असताना तिच्या मूळ भूमीत काय घडले हे पाहणे आवश्यक आहे. करडईवरील संशोधन या टापूच्या अवतीभवतीच झाले. सोलापूरच्या केंद्रातून निघालेल्या एका सुधारित वाणाला भीमा नदीचे नाव देण्यात आले. नीरेच्या पलीकडे फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण व पुढे बिनकाट्याचा पहिला संकरित वाण तयार केला. काढणीची अडचण त्यामुळे दूर होण्यासारखी होती. ज्यात लिनोलेइकऐवजी ओलेइक आम्ल अधिक असते असे वाण कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी विकसित केले, त्यांचे मूळही भारतातून नेलेल्या बियाण्यात होते. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या करडईच्या तेलाचा मोठा भाग या ओलेइक प्रकारचा असतो. त्यामुळे 'करडईचे तेल' या एकाच नावाखाली आता दोन भिन्न तेले येतात, आणि जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष नव्या तेलाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इतके होऊनही शेतातील करडई वाचली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात तिचे क्षेत्र दहा लाख हेक्टरांच्या आसपास पोहोचले होते. अलीकडच्या वर्षांत ते एक लाख हेक्टरांच्या खाली आले आहे. वैद्यकातील मतांतर हे या घसरणीचे प्रमुख कारण नव्हे. कालव्याचे व उपशाचे पाणी मिळाले तेथे ऊस आला. जेथे ते मिळाले नाही, तेथे काटे, मजुरांची टंचाई, मावा या किडीचा उपद्रव व अल्प भाव यांनी शेतकऱ्याला दुसरीकडे वळविले. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाल्यावर गावच्या घाण्याचा उरलासुरला आधारही गेला. ज्या वर्षांत शहरातील ग्राहक करडईच्या तेलासाठी जास्त पैसे मोजत होता, त्याच वर्षांत ती पिकविणाऱ्याच्या स्वयंपाकघरात पिशवीतले पामतेल आले. माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था काम करीत आहे. अवर्षणात तग धरणाऱ्या पिकांची आठवण आता पुन्हा होऊ लागली आहे, हे त्यावरून दिसते.

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. करडईचे तेल प्राचीन ग्रंथात अहितकर, १९६० च्या दशकात हृदयरक्षक, व २०१३ मध्ये संशयास्पद ठरले. तेलाचे घटक या सर्व काळात तेच होते. बदलले ते मोजमाप. प्रथम ग्रंथप्रामाण्य, नंतर रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा, आणि शेवटी मृत्यूंची मोजदाद, असा हा क्रम आहे. यांतील शेवटचे मोजमाप सर्वांत खर्चाचे, सर्वांत संथ व सर्वांत विश्वसनीय होय. म्हणूनच बाजाराला ते कधीच सोयीचे नसते. पूरक द्रव्ये विकणाऱ्याला आकडा पुरतो. ती घेणाऱ्याला मात्र आयुष्य हवे असते. शिवाय ज्या द्रव्याने जिराईत माणसाला पिढ्यानपिढ्या साथ दिली ते भाकरी, भाजी, जवस आणि शेतातील श्रम यांच्या संगतीतले होते. त्या संगतीतून त्याला बाहेर काढून बाटलीत व कॅप्सूलमध्ये भरले, तेव्हा त्याचे नाव तेच राहिले, परंतु त्याच्याविषयी पूर्वी जे काही खरे होते ते सर्व त्याच्याबरोबर गेले असे मानण्यास आधार नाही. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यापुढे यापुढे जेव्हा करडईचे किंवा उसाच्या उपपदार्थांचे नवे औषधी माहात्म्य मांडले जाईल, तेव्हा रक्तातील कोणता आकडा उतरला एवढेच विचारून भागणार नाही. किती माणसे, किती वर्षे तपासली, आणि त्यांतील किती जगली, हेही विचारले पाहिजे.